सिंधी वाणी आणि यंत्राचा कान

अंबरनाथच्या शिवालयांत शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलालेख आहे. त्यावरून शिलाहार राजा माम्वाणि याचें नांव आज कळतें. परंतु त्या काळचे लोक तें कसें उच्चारीत, हें दगड सांगत नाहीं. त्याच परिसरांत, विसाव्या शतकाच्या मध्यावर, एक अशी भाषा येऊन उतरली कीं, जिची अडचण नेमकी उलटी होती. आवाज घरोघरीं होता. अक्षराचाच निकाल लागत नव्हता.

१९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळील महायुद्धकालीन लष्करी छावणींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें तेथें कोनशिला बसली, आणि जवळच्या नदीवरून गांवास उल्हासनगर हें नांव पडलें. अंबरनाथ-बदलापूरकडे जाणाऱ्या गाडीच्या डब्यांत तेव्हांपासून मराठीच्या शेजारीं सिंधी बसूं लागली.

या भाषेला ब्रिटिश अमदानींत, १८५३ मध्यें, ५२ अक्षरांची अरबी-फार्सी वळणाची लिपि ठरवून दिलेली होती. भारतांत देवनागरीचा पुरस्कार झाला, वाद माजला आणि अखेर दोन्ही लिपि चालू राहिल्या. १९६७ मध्यें घटनेच्या आठव्या अनुसूचींत सिंधी आली, पण लिपीचा निवाडा मागेंच राहिला. हा वाद पंडितांपुरताच राहील, असें त्या वेळीं कोणासही वाटलें असेल. त्याचें देणें संगणकानें पुढें वसूल केलें.

बोललेलें यंत्रास समजावें, ही खटपट जुनी आहे. १९५२ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या यंत्रानें शून्यापासून नऊपर्यंतचे अंक ओळखले, तेही एकेका वक्त्याच्या आवाजाशीं जुळवून घेतल्यावरच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० मध्यें ‘टिफ्रॅक’ हा संगणक सिद्ध झाला. त्याच संस्थेंत पी. व्ही. एस. राव प्रभृति संशोधकांनीं पुढें वाणीचा अभ्यास केला आणि रेल्वेची चौकशी हिंदींत बोलून करतां यावी, असे प्रयोग केले. नंतरच्या यंत्रांची रीत निराळी. त्यांना व्याकरण शिकवीत बसत नाहींत. हजारों तासांचें बोलणें आणि त्याची अक्षरशः लिहिलेली प्रत अशी जोडी त्यांच्यापुढें ठेवतात, आणि कोणत्या नादास कोणतें अक्षर हें यंत्र स्वतःच ताडतें.

सिंधीची खरी परीक्षा येथेंच होते. तिच्यांत चार ध्वनि असे आहेत कीं, ते उच्चारतांना कंठ खालीं ओढला जाऊन श्वास आंत घेतल्यासारखा होतो. मराठींत ते नाहींत. ‘ॿार’ म्हणजे मूल आणि ‘बार’ म्हणजे ओझें. मराठी कानाला दोन्ही एकच वाटतील, आणि आईच्या तोंडीं हा घोटाळा मुळींच परवडण्याजोगा नाहीं! या चार ध्वनींचीं ॻ, ॼ, ॾ, ॿ हीं देवनागरी अक्षरें युनिकोड या जागतिक संकेतांत २००६ मध्यें दाखल झालीं.

लिपीचें द्वैत तरी कोठें सुटलें? २०१६ मध्यें गूगलच्या भाषांतर-यंत्रांत सिंधी आली ती अरबी-फार्सी लिपींत. मद्रासच्या आय.आय.टी.तील ‘एआय-फॉर-भारत’ या गटानें २०२३ मध्यें केलेल्या भाषांतर-यंत्रांत सिंधीला दोन लिपींसाठीं दोन स्वतंत्र घरें द्यावीं लागलीं. त्याच गटानें २०२४ मध्यें १४५ जिल्ह्यांतील १६,२३७ लोकांचें, २२ भाषांतील ७,३४८ तासांचें बोलणें प्रसिद्ध केलें. त्यांत सिंधीही आहे. २०११ च्या जनगणनेंत सिंधी भाषकांची संख्या सुमारें २७ लाख ७२ हजार दिसते, पण कच्छी बोलणारेही तींतच धरलेले आहेत. तेव्हां यंत्रास सिंधी म्हणून काय ऐकवावयाचें, हें नुसत्या आंकड्यावरून ठरत नाहीं.

उल्हासनगरच्या घरांत आजीशीं सिंधींत बोलणारा, पण दोहोंपैकीं एकही सिंधी लिपि न वाचणारा नातू दुर्मिळ नाहीं. बोलण्यानेंच चालणारें यंत्र सर्वांआधीं त्याच्या सोयीचें. मात्र तें यंत्र शिकतें लिहिलेल्या प्रतीवरून. ‘ॿार’ आणि ‘बार’ ऐकतांक्षणीं वेगळे ओळखून कागदावर बिनचूक उतरविणारा माणूस त्यासाठीं लागतो, आणि तो बहुधा नातू नसून आजीच असते.