कनिष्ठ पोलिसांची बडतर्फी आणि दाद

‘बडतर्फ’ आणि ‘दाद’ हे दोन्ही शब्द मराठी राज्यकारभारात फारसीतून आले. पहिल्याचा मूळ अर्थ ‘बाजूस सारलेला’, दुसऱ्याचा ‘न्याय’. कनिष्ठ पोलिसांच्या बाबतीत पहिला शब्द लवकर अमलात आला. दुसरा त्यांच्या वाट्यास यावयास फार विलंब लागला.

१८६१ च्या पोलीस कायद्याच्या सातव्या कलमाने, जो कनिष्ठ पोलीस हयगय करणारा किंवा नालायक ‘वाटेल’, त्याला निलंबित वा बडतर्फ करण्याचा अधिकार वरिष्ठांस दिला. ‘वाटेल’ हे क्रियापद येथे निर्णायक होय. शिवाय एका महिन्याच्या पगारापर्यंत दंड, पंधरा दिवसांपर्यंत निवासस्थानी अटकाव आणि शिक्षेची कवाईत होतीच. शिपायाचे म्हणणे ऐकावे, असा शब्द त्या कलमात नाही. मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांस मात्र १८९० चा स्वतंत्र कायदा लागू होता.

१९३५ च्या कायद्यातील २४० व्या कलमाने मुलकी नोकरांस दोन हमी दिल्या : नेमणूक करणाऱ्याहून खालच्या अधिकाऱ्याने बडतर्फ करू नये, आणि कारण दाखविण्याची वाजवी संधी द्यावी. परंतु २४३ व्या कलमाने कनिष्ठ पोलिसांच्या ‘सेवेच्या शर्ती’ पोलीस कायद्यांवरच सोपविल्या. या शर्तींत बडतर्फीही येते, असे प्रिव्ही कौन्सिलने वायव्य सरहद्द प्रांतातील एका फौजदाराच्या प्रकरणी १९४८ साली ठरविले. कारकुनास लाभलेले छत्र शिपायाच्या डोक्यावर आले नाही ते असे.

१९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदाने २४० व्या कलमातील हमी स्वीकारल्या आणि २४३ व्या कलमाचा अपवाद गाळला. या मौनाचे मोल मोठे आहे. शिपाई त्यामुळेच संरक्षणाच्या कक्षेत आला. पुढे १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या २६ व्या कलमाने शिक्षेची कारणे व चौकशीची टिपणी लेखी नोंदविणे आवश्यक केले. २७ व्या कलमाने अपिलाची तरतूद केली.

नियम मोडून केलेली बडतर्फी टिकते काय, हा प्रश्न उत्तर प्रदेशातील एका फौजदाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९६० साली बहुमताने, न्या. सुब्बाराव यांच्या लेखणीतून, पोलीस नियमावलीतील चौकशीचा नियम बंधनकारक ठरविला. न्या. वांच्छू व न्या. गजेंद्रगडकर यांचे मत भिन्न होते. तो नियम त्यांनी केवळ मार्गदर्शक मानला.

पुढे छत्र काहीसे आखडले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षेच्या स्वरूपाविषयी मिळणारी दुसरी संधी काढून टाकली. चौकशी करणे व्यवहार्य नसेल तेथे ती वगळण्याची मुभा मूळ अनुच्छेदातच होती; १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ विस्तृतपणे लावला. अशा वेळी शिपायाजवळ बडतर्फीनंतरचे अपील उरते.