धुऱ्याची कुळकथा

विदर्भातल्या मुकुटबनकडे दोन वावरांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. इकडची कपाशी कुणाची अन् तिकडची तूर कुणाची, हे धुरा सांगतो. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर मोबाइलवरून पिकाची नोंद करायची ई-पीक पाहणी आली आणि पिकाचा फोटो चढवणं हे वावरातलंच काम झालं. वेबच्या फॉर्ममधून फाइल चढवण्याची जी जुनी रीत आहे, तीही एका धुऱ्यावरच उभी आहे.

सुरुवातीची वेब नुसती आणून देणारी होती. १९९१च्या एचटीटीपीत एकच क्रियापद होतं : 'गेट'. पुढे 'पोस्ट' आलं, फॉर्म आले, पण ते मजकुरापुरते. त्यांच्या रीतीत रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं सोडली, तर एकेका बाइटचे टक्क्याच्या खुणेसह तीन बाइट होतात. 'मुकुटबन' हा शब्द यूटीएफ-८मध्ये २१ बाइटांचा; या रीतीनं तो ६३चा होतो. फोटो तर सुमारे अडीचपट फुगेल.

तोडगा ईमेलच्या घरी होता. जून १९९२मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' मांडलं : एकाच पत्रात मजकूर, चित्र, आवाज आणि भागाभागांमध्ये ठरलेली खूण, 'बाउंड्री'. नोव्हेंबर १९९५मध्ये झेरॉक्सच्या अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मॅसिंटर यांनी ती खूण फॉर्ममध्ये आणली. आरएफसी १८६७ हा तो दस्तऐवज. तोवर फॉर्ममधल्या 'इनपुट' या रकान्याचे आठ प्रकार होते. त्यांनी नववा सुचवला, 'फाइल'. सोबत 'मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा' ही भागाभागांनी पाठवण्याची रीत आली.

या धुऱ्याचे नियम थोडकेच. खूण अशी हवी, की ती फाइलच्या पोटात कुठंच सापडू नये. प्रत्येक भागाआधी दोन आडव्या रेघा आणि खूण. शेवटच्या खुणेनंतर आणखी दोन रेघा, म्हणजे शिवार संपलं. ईमेलमध्ये फोटोचा आधी मजकूर करावा लागे आणि तो एक तृतीयांशानं वाढे. इथं बाइट जसेच्या तसे जातात.

आज पायथनच्या 'रिक्वेस्ट्स' लायब्ररीमध्ये 'फाइल्स' दिलं, की धुरा आपोआप पडतो. नवखा मात्र हेडरमध्ये 'मल्टिपार्ट' हाताने लिहितो आणि खूण लिहायची विसरतो. मग बाइट सगळे पोचतात, पण नाव कुठं संपलं अन् फोटो कुठं सुरू झाला, ते सर्व्हरला उमगत नाही. पीक उभं असतं. धुराच मोडलेला असतो.