आयआरएफसीए

(इंडियन रेल्वेज फॅन क्लब). भारतीय रेल्वेच्या छांदिष्टांनी हौसेने, विनामोबदला उभारलेला ऑनलाइन संदर्भसंग्रह. क्लबची सुरुवात १९८९ मध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या काही भारतीय विद्यार्थ्यांनी केली. प्रश्नोत्तररूपी माहितीकोश हा संग्रहाचा कणा. सिग्नल, शेड, डबे हे सारे त्यात आहेच. पण खरी गंमत इंजिनांच्या सांकेतिक नावांची. ‘डब्ल्यूसीएएम’ घ्या : डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, सी डीसी, ए एसी, एम मिश्र वाहतूक. मुंबईकडची १,५०० व्होल्ट डीसी आणि पुढची २५,००० व्होल्ट एसी, दोन्ही तारांखाली हे इंजिन चाले. त्यामुळे अहमदाबादच्या गाडीला विरारजवळ इंजिन बदलावे लागत नसे. माथेरानच्या इंजिनाचे नाव मात्र ‘एन’ने सुरू होते, कारण तिथल्या दोन रुळांमधले अंतर दोनच फूट.