महायुद्धांची स्मृती (ब्रिटन आणि पुणे जिल्ह्याचा पूर्वभाग)

महायुद्धांची स्मृती म्हणजे पहिल्या (१९१४–१९१८) आणि दुसऱ्या (१९३९–१९४५) महायुद्धाची एखाद्या समाजाने स्मारके, स्मृतिदिन, शालेय अभ्यासक्रम, चित्रपट व रोजचे बोलणे यांतून जपलेली आठवण होय. ब्रिटनमध्ये ही आठवण आजही सार्वजनिक जीवनाच्या केंद्रस्थानी आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे तालुके ज्या मुंबई इलाख्यात मोडत होते, त्या इलाख्यातूनही हजारो माणसे या दोन्ही युद्धांवर गेली. त्यांची सार्वजनिक आठवण मात्र येथे फार क्षीण आहे. याउलट शिरूर तालुक्याच्या सीमेवर १८१८ मध्ये झालेल्या एका दिवसाच्या लढाईसाठी दरवर्षी लाखो लोक एकत्र येतात. युद्धस्मृती कशी टिकते आणि कशी विझते, याचा विचार करण्यासाठी हा परिसर म्हणूनच उपयुक्त ठरतो.

ब्रिटनमधील स्मृतीचे स्वरूप

ब्रिटनमध्ये ११ नोव्हेंबर हा युद्धविरामाचा दिवस १९१९ पासून दोन मिनिटांच्या मौनाने पाळला जातो. लंडनमधील 'सेनोटाफ' म्हणजे रिक्त समाधी. एडविन लुटियन्स यांच्या आराखड्यानुसार ती प्रथम १९१९ मध्ये लाकूड व प्लास्टर यांची उभारली गेली आणि लोकांच्या आग्रहामुळे १९२० मध्ये दगडात बांधली गेली. त्याच वर्षी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये एका अनाम सैनिकाचे दफन झाले. १९२१ पासून तांबड्या पॉपीचे, म्हणजे खसखशीच्या जातीतील रानफुलाचे, कागदी फूल छातीवर लावण्याची प्रथा पडली. पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त २०१४ मध्ये लंडनच्या टॉवरभोवतीच्या खंदकात ८,८८,२४६ चिनीमातीची पॉपी फुले मांडण्यात आली. ब्रिटन व वसाहतींमधील प्रत्येक मृत सैनिकामागे एक, असा तो हिशेब होता.

आठवणीचा हा पसारा सरकारी समारंभांपुरता मर्यादित नाही. फुटबॉलच्या मैदानावरील घोषणांत जर्मनीवरील दोन युद्धविजय आणि १९६६ चा विश्वचषक एका दमात मोजले जातात. आर्थिक अडचण असो, महामारी असो की युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा वाद असो, '१९४०' ची उपमा राजकारण्यांच्या तोंडी हमखास येते.

या ओढीची कारणे

पहिले कारण मृत्यूच्या सार्वत्रिकतेचे आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश बेटांतील सात लाखांहून अधिक सैनिक मरण पावले. १९१६ मध्ये सक्तीची सैन्यभरती सुरू झाली. तत्पूर्वी एकाच गावचे, एकाच गिरणीचे किंवा एकाच शाळेचे तरुण एकत्र भरती होऊन एकाच पलटणीत लढत. १ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत एका दिवसात १९,२४० ब्रिटिश सैनिक मारले गेले, तेव्हा काही शहरांतील गल्ल्याच्या गल्ल्यांत एकाच आठवड्यात तारा पोहोचल्या. गेलेले सर्व जण परत आले, अशी गावे इंग्लंड व वेल्समध्ये पन्नासच्या आसपासच भरतात.

दुसरे कारण प्रशासकीय आहे आणि ते सहसा दुर्लक्षित राहते. मृत सैनिकांचे देह मायदेशी आणू नयेत, असा निर्णय युद्धकाळातच झाला होता. घरी थडगे नाही, म्हणून गावातील चौकात, चर्चमध्ये, शाळेत, रेल्वे स्थानकात नावांचे फलक लागले. आईला हात ठेवायला जागा मिळाली ती त्या कोरलेल्या नावावर. ब्रिटनमधील युद्धस्मृतीची खरी मुळे राजधानीतील सोहळ्यात नसून या गावोगावच्या नामावलींत आहेत.

तिसरे कारण दुसऱ्या महायुद्धाच्या नैतिक स्वरूपाशी निगडित आहे. फ्रान्सच्या पाडावानंतर जून १९४० ते जून १९४१ या काळात ब्रिटन नाझी जर्मनीपुढे एकटे उभे राहिले, ही कथा ब्रिटिश मनाला प्रिय आहे. ती पूर्ण खरी नाही; त्या 'एकट्या' ब्रिटनच्या पाठीशी भारतासह सारे साम्राज्य होते. तथापि शत्रूचे दुष्टत्व येथे निर्विवाद असल्यामुळे विजयाचा अभिमान बाळगताना संकोच वाटत नाही. साम्राज्याच्या इतर इतिहासाबाबत असे म्हणता येत नाही. पॉल गिलरॉय या अभ्यासकाने २००४ मध्ये असे प्रतिपादन केले की, साम्राज्य गेल्याचे दुःख व त्यातील अन्याय यांना सामोरे जाणे टाळल्यामुळेच ब्रिटिश समाज पुन्हा पुन्हा नाझीविरोधी युद्धाकडे वळतो. हे मत सर्वमान्य नाही, परंतु दुर्लक्षिण्याजोगेही नाही. बाँबवर्षाव, मुलांचे खेड्यांत स्थलांतर आणि १९५४ पर्यंत चाललेली शिधावाटप पद्धती यांमुळे ते युद्ध घराघरांत अनुभवले गेले होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

शिरूर–दौंड परिसर आणि महायुद्धे

घोडनदीकाठचे शिरूर हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून ब्रिटिशांचे लष्करी ठाणे होते. १८१७ च्या पुणे करारानंतर उभ्या राहिलेल्या घोडदळाचे, म्हणजे पुढील 'पूना हॉर्स'चे, शिरूरशी दीर्घकाळ नाते राहिले. हे दल १९१४ मध्ये फ्रान्सला गेले. त्यातील लेफ्टनंट फ्रँक डी पास यांना नोव्हेंबर १९१४ मधील फेस्त्यूबेर येथील पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तोवर दलाचे नाव तेवढे पुण्याचे उरले होते. स्वार मुख्यतः राजस्थान व पंजाबकडील होते.

दौंडचे महत्त्व लोहमार्गामुळे आहे. मुंबई–सोलापूर मार्गाला मनमाडकडून येणारा फाटा १८७८ मध्ये येथे जोडला गेला. पुण्याहून अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) छावणीकडे रेल्वेने जाण्याची वाट दौंडवरूनच होती. दोन्ही महायुद्धांत अहमदनगर येथे जर्मन नागरिकांना स्थानबद्ध करून ठेवण्यात आले होते.

मराठी सैनिकांच्या दृष्टीने पहिल्या महायुद्धाचे प्रमुख रणक्षेत्र फ्रान्स नव्हे, तर मेसोपोटेमिया, म्हणजे आजचे इराक हे होय. सहाव्या, म्हणजे 'पूना' डिव्हिजनने टायग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने चढाई केली, परंतु डिसेंबर १९१५ पासून कुत येथे ती वेढली गेली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० सैनिक व अनुयायी शरण आले. त्यांत भारतीयांची संख्या मोठी होती आणि त्यांपैकी अनेक जण पुढील पायपिटीत व तुर्की छावण्यांत मरण पावले. मराठा पलटणींनी येथे मोठी किंमत मोजली. युद्धोत्तर काळात ११७ व्या मराठा पलटणीला 'रॉयल' हा किताब मिळाला.

दुसऱ्या महायुद्धात मराठा रेजिमेंटच्या दोन जवानांना इटलीमध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाईक यशवंत घाडगे (तत्कालीन कुलाबा, आताचा रायगड जिल्हा) हे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. शिपाई नामदेव जाधव (अहमदनगर जिल्हा) यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जखमी सहकाऱ्यांना गोळीबारातून पाठीवर उचलून सुरक्षित स्थळी नेले.

स्मृती क्षीण होण्याची कारणे

पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय परदेशी पाठवले गेले व सत्तर हजारांहून अधिक मृत्युमुखी पडले. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याची संख्या सुमारे पंचवीस लाखांवर गेली आणि सुमारे ८७,००० जण मरण पावले. एवढ्या मोठ्या घटनेची आठवण का राहिली नाही, याचे एक उत्तर नावांच्या अभावात सापडते. युद्धानंतर सरकारने भारतातील अनेक गावांत संगमरवरी फलक लावले. या गावातून इतके गेले व त्यांपैकी इतके परतले नाहीत, एवढाच त्यांवरील मजकूर असे. कोण गेले, हे फलक सांगत नाही. साताऱ्याजवळील अपशिंगे (मिलिटरी) गावाने आपल्या ४६ मृतांची आठवण पिढ्यानपिढ्या जपली, परंतु तेथे घरटी सैनिक देण्याची परंपरा अखंड राहिली. असे गाव अपवादच म्हणावे लागेल.

परदेशातही तोच प्रकार घडला. इराकमधील बसरा स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली. भारतीयांपैकी केवळ अधिकाऱ्यांची नावे आली आणि सामान्य शिपायांची पलटणवार संख्या तेवढी दिली गेली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ही विषमता मान्य केली. आफ्रिका व आशियातील किमान १,१६,००० मृतांची नावाने नोंदच झाली नाही किंवा त्यांचे स्मारकच झाले नाही, आणि ही संख्या ३,५०,००० पर्यंतही असू शकेल, असे त्या अहवालात म्हटले आहे. कुतच्या वाटेवर पडलेल्या शिपायाच्या घरी, मग, वर्षश्राद्धाची तिथी तेवढी उरली. ती माहीत असेल तर.

दुसरे कारण म्हणजे त्याच वर्षी आलेले त्याहून मोठे मरण. १९१८ मध्ये पाऊस लांबला, धान्य महागले आणि इन्फ्लुएंझाची साथ आली. मराठीत तिला 'मानमोडी' असे नाव पडले. एकट्या मुंबई इलाख्यात तिने दहा लाखांहून अधिक बळी घेतल्याचा अंदाज आहे. शिरूर–दौंडसारख्या अवर्षणप्रवण भागात माणसे घरच्या घरी मरत असताना बसऱ्याहून आलेली बातमी त्या आकांतात बुडून जाणे स्वाभाविक होते.

तिसरे कारण राजकीय होय. हे युद्ध आपले होते काय, या प्रश्नाचे एकमुखी उत्तर महाराष्ट्राने कधीच दिले नाही. लोकमान्य टिळक सैन्यभरतीस अनुकूल होते, परंतु त्याबदल्यात स्वराज्याचे हक्क व भारतीयांना अधिकारपदे मागत होते. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांचे भाषण मध्येच थांबवले. दुसऱ्या महायुद्धात काँग्रेसने 'छोडो भारत'ची हाक दिली, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर व वि. दा. सावरकर यांनी आपापल्या भिन्न कारणांसाठी भरतीला पाठिंबा दिला. सातारा जिल्ह्यातून तर एकाच वेळी इटलीच्या आघाडीवर जवान जात होते आणि नाना पाटलांचे प्रतिसरकारही चालू होते. स्वातंत्र्यानंतर गौरव झाला तो दुसऱ्या प्रवाहाचा. पहिल्या प्रवाहातील निवृत्त जवान निवृत्तिवेतन घेत व पदके पेटीत ठेवत.

कोरेगाव भीमा : टिकलेली स्मृती

१ जानेवारी १८१८ ची लढाई शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे झाली. आदल्या रात्री कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन सुमारे आठशे सैनिकांनिशी शिरूरहून पुण्याकडे निघाला होता. त्यात मुंबई पायदळाची सुमारे पाचशे सैनिकांची पलटण, पुण्याचे नवे घोडदळ आणि दोन तोफांसह मद्रासचे तोफची होते. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांची मोठी फौज नदीपलीकडे होती. तिच्यातील अरब, गोसावी व इतर पायदळाच्या तुकड्या दिवसभर गावात लढल्या. कंपनीचे २७५ जण मृत, जखमी वा बेपत्ता झाले. रात्री पेशव्यांची फौज मागे हटली. स्टाँटनही पुण्यास न जाता शिरूरला परतला. त्यामुळे निकालाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. कंपनी सरकारने मात्र हा आपला विजय मानला.

नदीच्या दुसऱ्या तीरावर, हवेली तालुक्यातील पेरणे येथे, १८२१ मध्ये जयस्तंभाची पायाभरणी झाली. स्तंभावर इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत लेख आहेत आणि मृत शिपायांची नावे आहेत. त्यांतील 'नाक' हा प्रत्यय असलेली नावे महार शिपायांची होत. शंभर वर्षांनंतरच्या बसरा स्मारकाने जे नाकारले, ते या स्तंभाने दिले होते, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

पुढे १८९० च्या दशकात 'लढवय्या जाती'च्या धोरणामुळे महारांची सैन्यभरती बंद झाली. तेव्हा गोपाळबाबा वलंगकर आणि नंतर शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे केलेल्या अर्जांत महारांच्या लष्करी सेवेचा दाखला दिला. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभारली गेली आणि युद्ध संपताच काही वर्षांत ती मोडली गेली. गरज सरताच शिपायाला घरी पाठवण्याचा हा अनुभव ताजा असतानाच १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर यांनी जयस्तंभाला भेट दिली. १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, महार रेजिमेंटची स्थापना झाली आणि तिच्या आरंभीच्या टोपीचिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता.

परक्या सत्तेने आपल्या विजयासाठी उभारलेल्या स्तंभाचा अर्थ येथे बदलला. जातीच्या अपमानाला दिलेले उत्तर म्हणून तो लोकांनी स्वीकारला. पेशवाईविरुद्धचा हा सामाजिक लढा होता, हे मत काही अभ्यासकांना मान्य नाही. दोन्ही बाजूंना अनेक जातींचे लोक होते, याकडे ते लक्ष वेधतात. १ जानेवारी २०१८ रोजी, द्विशताब्दीच्या दिवशी, कोरेगाव भीमा, सणसवाडी व आसपासच्या परिसरात हिंसाचार झाला आणि एका तरुणाचा मृत्यू झाला. घटनेच्या चौकशीसाठी राज्य सरकारने न्या. ज. ना. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.

शिरूरमध्ये स्मृतीचे आणखी एक रूप आढळते. १८०९ मध्ये येथे मरण पावलेले कर्नल वॉलेस यांच्या समाधीला लोक 'सत्पुरुष' मानून नवा दाणा नैवेद्य म्हणून वाहत, अशी नोंद १८८५ च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये आहे. लष्करी स्मारकाचे दैवत होण्याचा हा मासला ब्रिटिश परंपरेपेक्षा आपल्याकडील वीरगळांच्या परंपरेशी अधिक जवळचा आहे.

सद्यःस्थिती

खडकी येथील युद्धसमाधिस्थानात दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेहून अधिक राष्ट्रकुल सैनिकांच्या समाध्या आहेत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगामार्फत त्यांची निगा राखली जाते. हिंदू सैनिकांचे दहन होत असल्याने त्यांच्या समाध्या सहसा नसतात. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळ ५३ हिंदू व शीख सैनिकांच्या दहनस्थळी १९२१ मध्ये उभारलेले संगमरवरी स्मारक मात्र 'छत्री' याच नावाने ओळखले जाते.

भारतात ब्रिटिश काळातील पॉपी दिनाच्या जागी १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. त्या दिवशी शाळांतून गोळा होणारा निधी माजी सैनिक व वीरपत्नींच्या कल्याणासाठी वापरला जातो. नवी दिल्लीत २०१९ मध्ये राष्ट्रीय समर स्मारकाचे उद्घाटन झाले. त्यावर स्वातंत्र्योत्तर काळात प्राणार्पण केलेल्या सैनिकांची नावे आहेत. पहिल्या महायुद्धातील व त्यापुढील अफगाण युद्धातील सुमारे तेरा हजार नावे इंडिया गेटवर आहेत.