चूक मोजणारं बोट

ॲलनटाऊनच्या जे. बर्नी क्रम स्टेडियममध्ये बसायचं तर सगळ्यात वरच्या रांगेत, हे मला एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शिकवलं. खाली बसलं की आवाज छातीवर येतो, पण मैदानावरची आकृती कळत नाही. वरून दोन्ही कळतं. एडिसनहून सव्वा तास गाडी चालवून मी दर ऑगस्टला तिथे जायचे. माझा मुलगा एका ड्रम कोअरमध्ये तीन उन्हाळे स्नेअर ड्रम वाजवत होता. ते गृहस्थ दर वर्षी त्याच कोपऱ्यात असायचे. मनातल्या मनात मी त्यांना आजोबा म्हणायला लागले. पथक मैदानात आलं की त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी गुडघ्यावर हलायची. मला वाटलं, ठेका धरताहेत. पण ठेक्याशी त्या बोटाचा मेळ बसेना. माझे वडील नाशिकला तबल्याच्या शिकवण्या घ्यायचे, त्यामुळे एवढं तरी मला कळत होतं. शेवटी मी विचारलंच. ते म्हणाले, ठेका नाही, चुका मोजतोय. सत्तरच्या दशकात ते परीक्षक होते.

ड्रम कोअर म्हणजे दीडशेच्या आसपास मुलामुलींचं पथक. पितळी वाद्यं, ड्रम, झेंडे आणि रायफली फिरवणारा कलर गार्ड, आणि पुढे जमिनीवर मांडलेली मरिंबा, व्हायब्राफोन यांसारखी वाद्यं. एकविशी ओलांडली की पथकातून बाहेर. मे महिन्यात पूर्णवेळ सराव सुरू होतो, मग शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपत आणि रात्रभर बसने प्रवास करत उन्हाळा सरतो. हे सगळं अकरा-बारा मिनिटांच्या एका कार्यक्रमासाठी. त्या कार्यक्रमाला गुण देणारी माणसं कशी ऐकतात, यावर मुलं काय वाजवतील हे ठरत आलेलं आहे. या कलेचा सगळा इतिहास मला त्या गुणपत्रिकेतच दिसतो.

याची सुरुवात पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांपासून झाली. घरी आलेल्या शिपायांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन लीजनने, १९२१ मध्ये कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात राष्ट्रीय स्पर्धा घेतली. पुढे परदेशी युद्धांत लढलेल्यांची दुसरी संघटना, व्हीएफडब्ल्यू, तीही स्पर्धा भरवू लागली. मुलांची पथकं या संघटनांच्या आणि कॅथलिक चर्चच्या आधाराने उभी राहिली. माझ्या न्यू जर्सीतल्या गारफील्ड गावात होली नेम चर्चने १९३४ मध्ये असंच एक पथक काढलं. तेच पुढे कॅडेट्स म्हणून जगभर गाजलं. स्पर्धा भरवणारे शिपाई, म्हणून परीक्षणही परेडच्या शिस्तीचं. वादनाआधी मुलांना रांगेत उभं करून तपासणी व्हायची: बुटाची चकाकी, बटण, कापलेले केस. राष्ट्रध्वजाचा मान राखण्यात कसूर झाली तर दंड. बंदुकीचा बार झाला की परीक्षण सुरू.

मग परीक्षक पॅड आणि पेन्सिल घेऊन थेट मुलांच्या रांगांमध्ये शिरायचे. ड्रमवाल्यांच्या पुढ्यात एक, ब्यूगलवाल्यांपाशी एक, चाल बघणारा एक. फ्लॅमच्या किंचित पुढेमागे पडायच्या दोन टिपऱ्या एकदम पडल्या, टिक. कुणाचा पाय रांगेच्या बाहेर, टिक. ब्यूगल अर्ध्या क्षणाने उशिरा लागला, टिक. प्रत्येक टिक म्हणजे दशांश एक गुण वजा. एकंदर परिणामाचे, छाप पाडण्याचे गुण वेगळे होते, पण मैदानात मुलांना भीती वाटायची ती पेन्सिलीची. आजोबा सांगत, समोर परीक्षक उभा असला की वादकाला पेन्सिलीचं टोक हललेलं दिसायचं, आणि ते पाहण्याच्या नादात पुढची चूक व्हायची. अशा वेळी ते मान फिरवून पलीकडच्या मुलाकडे बघत टिक नोंदवायचे. त्यांच्या मते परीक्षकाने एवढी दया दाखवायलाच हवी.

या पद्धतीला हसणं आज सोपं आहे. मी हसत नाही. माझे वडील शिष्याला कायदा वाजवायला सांगून डोळे मिटून बसत, आणि ‘ति’ आणि ‘ट’ची बोटं सारखी पडली नाहीत की जमिनीवर एक टिचकी मारत. तासात चाळीस टिचक्या पडलेला मुलगा पुढच्या आठवड्यात दहावर यायचा. चूक मोजली जाते म्हणून हात स्वच्छ होतो, हे मी घरात पाहिलेलं आहे. नऊ जण स्नेअर वाजवताहेत आणि ऐकणाऱ्याला एकच स्नेअर ऐकू येतोय, हा जो ड्रम कोअरचा चमत्कार आहे, तो त्या पेन्सिलीच्या धाकातून आला.

पण त्या धाकाची दुसरी बाजूही होती. अवघड गोष्ट केली की चुका जास्त. चुका जास्त की गुण कमी. सोपं पण चोख वाजवणारा पुढे जाणार. शिवाय सगळे नियम करणार माजी सैनिकांच्या संघटना आणि पथकांचे संचालक नुसते मानणार, हेही अनेकांना खटकत होतं. १९७१ मध्ये पाच पथकांनी एकत्र येऊन आपली आघाडी केली: कॅसपरचे ट्रूपर्स, शिकागोकडचे कॅव्हेलियर्स, मॅडिसन स्काउट्स, ब्लू स्टार्स आणि कॅलिफोर्नियाचे सँटा क्लारा व्हॅनगार्ड. पुढे ट्रूपर्सचे जिम जोन्स आणि कॅव्हेलियर्सचे डॉन वॉरन यांच्या पुढाकारातून ड्रम कोअर्स इंटरनॅशनल उभं राहिलं. आपल्या स्पर्धा आपण भरवायच्या, आपले नियम आपण करायचे, परीक्षकही आपणच नेमायचे. १९७२ च्या ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर या छोट्या विद्यापीठी गावात पहिलं अजिंक्यपद झालं आणि ॲनहाइमच्या किंग्जमेननी ते जिंकलं.

संघटना बदलली, पण टिक काही लगेच गेली नाही. आणखी अकरा वर्षं ती टिकून राहिली. शेवटचा हंगाम १९८३ चा. त्याच वर्षी मायामीला गारफील्डचं पथक पहिल्यांदा या संघटनेचं अजिंक्यपद जिंकलं, तेही अशा चालीने जिच्यात चुकांना जागाच जागा होती. जॉर्ज झिंगाली या रचनाकाराने सरळ रांगा आणि दोन्ही बाजूंना सारख्या आकृत्या मोडून टाकल्या होत्या. मुलं पळत होती, वळणं घेत होती, एक आकृती वितळून दुसरी होत होती. त्या वेळची चित्रफीत मी कितीतरी वेळा पाहिली आहे. जुना हिशोब लावला तर एवढी जोखीम घेणारं पथक हरायला हवं होतं. ते जिंकलं. म्हणून मला वाटतं, मैदान आधी बदललं आणि कागद मागून आला. १९८४ पासून वजाबाकी संपली. शून्यापासून वर चढत जाणारे गुण आले.

आजची पत्रिका शंभर गुणांची आहे. एकंदर परिणामाला चाळीस, दृश्याला तीस, संगीताला तीस. प्रत्येक परीक्षकासमोर दोन प्रश्न असतात: मुलांना काय दिलं होतं, आणि ते त्यांनी कसं पार पाडलं. हे दोन्ही एकाच वेळी तोलायचं. मुलं पळता पळता बोटांची कसरत करत असतील, तर एखाद्या निसटलेल्या स्वराला तेवढी किंमत उरत नाही. माझ्या मते हा विचार न्याय्य आहे. विलंबित तीनतालात चोख ठेका धरणारा आणि द्रुतात चक्रदार घेऊन समेवर येताना अर्ध्या मात्रेने हुकणारा, यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

वजाबाकी गेली, पण वाद गेले नाहीत. आता गुणांमधलं अंतर इतकं लहान झालं की वाद व्हायचेच. १९९३ मध्ये स्टार ऑफ इंडियाना या पथकाने सॅम्युअल बार्बर आणि बार्टोक यांच्या संगीतावर एक कोरडा, काटेकोर, काळजाला चरे पाडणारा कार्यक्रम केला. मोठ्या आवाजाचे, टाळ्या घेणारे शेवट नाहीत. काही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. अजिंक्यपदाच्या निकालात कॅडेट्सना ९७.४, स्टारला ९७.३. जुन्या हिशोबात एक टिक. त्यानंतर स्टार या स्पर्धांमधून बाहेर पडलं आणि त्याच माणसांच्या कामातून ‘ब्लास्ट!’ हा रंगमंचावरचा प्रयोग झाला, जो २००१ मध्ये ब्रॉडवेवर पोचला. २००८ मध्ये फँटम रेजिमेंटचं ‘स्पार्टाकस’ जिंकलं ते ९८.१२५ विरुद्ध ९८.१०० असं, म्हणजे पाव टिकेने. त्या रात्रीचं प्रेक्षागार ज्याने ऐकलं त्याला तो निकाल पटला. स्टारच्या वेळचे प्रेक्षक मात्र चुकले होते, असं मी ठामपणे म्हणेन. तो कार्यक्रम आज ऐकला तरी अंगावर काटा येतो. परीक्षकाचा कान प्रेक्षकाच्या कानाच्या पुढे असावा लागतो, फक्त तो इतका पुढे नको की मागचे लोक दिसेनासे होतील.

पेन्सिलीच्या जागी आलेली गोष्ट म्हणजे आवाज. परीक्षक कार्यक्रम चालू असतानाच बोलत जातो. पूर्वी कॅसेटवर, आता डिजिटल यंत्रावर. ते बोलणं पथकाच्या शिक्षकांकडे जातं, आणि स्पर्धेनंतर शिक्षक आणि परीक्षक समोरासमोर बसून चर्चा करतात. माझ्या मुलाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच्या शिक्षकाने स्नेअरच्या रांगेला एक असं मुद्रण ऐकवलं आणि मुलाने ते मला पाठवलं. मी ते स्वयंपाकघरात भाजी चिरताना लावलं आणि सुरी खाली ठेवली. परीक्षक मैदानात त्यांच्याबरोबर चालत होता. त्याचा श्वास ऐकू येत होता, मध्येच कुणाच्या वाटेतून बाजूला होताना धाप लागलेली. तो सांगत होता, इथे दोन्ही हातांची उंची सारखी नाही, आता छान, आता खूप छान, हा बदल सगळ्यांनी एकत्र केला. मध्येच तो आठ-दहा मोजणी गप्प बसला आणि नुसते ड्रम आले. त्या रांगेत माझं पोर होतं.

तिसऱ्या वर्षी ॲलनटाऊनला पाऊस आला आणि कार्यक्रम थांबवला. सगळे छपराखाली, खाण्याच्या गाड्यांपाशी उभे. माझ्या फोनवर आधीच्या आठवड्याचं मुद्रण होतं. मी आजोबांना इयरफोन दिले. त्यांनी डोळे मिटले. हातातली कॉफी कठड्यावर ठेवली, आणि तर्जनी कठड्याच्या लोखंडावर हलली. एकदा. मग बराच वेळ नाही. मग पुन्हा. असं पाच वेळा. मुद्रणातला परीक्षक दोनच चुकांबद्दल बोलला होता, हे मला पाठ होतं. इयरफोन परत देताना ते म्हणाले, पहिली आणि तिसरी एकाच मुलाची आहे, डावा हात उशिरा येतोय. पण त्या ठिकाणी मी टिक दिली नसती आता. ती पळताना आली आहे.

मी विचारलं, मग बोट का हललं?

ते म्हणाले, बोटाला माहीत नाही ना, की पद्धत बदलली.

पाऊस थांबला. मैदानावरचं पाणी ढकलायला पोरं रबरी फळ्या घेऊन धावली. मुलाचं पथक रात्री उशिरा मैदानात आलं, ओल्या गवतावर, आणि आजोबांचं बोट चार वेळा हललं. कार्यक्रम संपल्यावर बसपाशी भेटलेल्या मुलाला मी आधीच्या मुद्रणातल्या पाच चुकांची हकीकत सांगितली. तो घामाने निथळत होता, गळ्यात टॉवेल, हातात कुणीतरी दिलेलं सँडविच. पहिली आणि तिसरी त्याचीच होती, त्याला माहीत होतं.

‘‘आई,’’ तो म्हणाला, ‘‘उरलेल्या तीन कुठे आहेत, विचारून ये ना.’’