एक रकाना कमी

19 मार्च 1986. यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह वर्ध्याजवळच्या पवनार इथे आयुष्य संपवलं. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ही घटना ओळखली जाते. दरवर्षी 19 मार्चला अनेक जण त्यांच्या आठवणीत उपवास करतात.

देशाच्या आकडेवारीत मात्र तेव्हा अशा मृत्यूला वेगळी जागा नव्हती. आत्महत्या केलेल्यांमध्ये शेती करणारे किती, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग वेगळं मोजू लागला 1995 पासून. शेतकरी आणि शेतमजूर हे दोन रकाने वेगळे झाले 2014 च्या आकडेवारीत. रकाना नव्हता तोवर माणसं मरत होती, फक्त ती मोजता येत नव्हती.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. टेबल तयार करणं हे माझं रोजचं काम. रकान्यांची नावं ठरवायची, कुठल्या रकान्यात कुठली माहिती चालेल ते ठरवायचं, प्रत्येक ओळ कशावरून ओळखायची ते ठरवायचं. कॉलेजात हा तांत्रिक विषय म्हणून शिकलो. यवतमाळचा गेल्या काही दशकांचा इतिहास वाचताना कळलं, की प्रत्येक सरकारी योजनेत कुणीतरी हेच काम केलंय, आणि त्यावर कुणाचं तरी घर अवलंबून होतं.

डिसेंबर 2005 मध्ये राज्य सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 1,075 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. यवतमाळ त्यात होतं. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरली : 30 हजार हातात, 70 हजार ठेव म्हणून. 'पात्र' ठरायला कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, ते थकलेलं हवं आणि वसुलीचा तगादा हवा. डेटाबेसच्या भाषेत, 'कर्ज कुणाचं' या रकान्यात चालणाऱ्या उत्तरांची यादी आधीच ठरलेली होती. कृषी केंद्राची उधारी, बिनपरवाना सावकार किंवा पाहुण्याकडून उसने घेतलेले पैसे त्या यादीत बसत नव्हते. मृत्यू तोच, कापूसही तोच, पण शेरा 'अपात्र'.

2008 ची केंद्राची कर्जमाफी एका आकड्यावर उभी होती : दोन हेक्टर. त्याच्या आत जमीन असेल तर थकीत कर्ज पूर्ण माफ, वर असेल तर उरलेली रक्कम भरल्यावर सवलत. कोरडवाहू कापसाची सात एकर आणि ओलिताच्या उसाची चार एकर यांतला फरक या आकड्याला दिसत नव्हता, कारण 'पाणी' नावाचा रकानाच नव्हता. पुढे 2013 मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. तपासलेल्या 90,576 खात्यांपैकी 20,216 प्रकरणांत, म्हणजे 22 टक्क्यांहून जास्त ठिकाणी, त्रुटी निघाल्या. लाभ न मिळालेली 9,334 खाती वेगळी तपासली, तर त्यातली 1,257 प्रत्यक्षात पात्र होती.

तिसरा टप्पा कम्प्युटरचा. 28 जून 2017 च्या शासन निर्णयाने दीड लाखापर्यंतची कर्जमाफी आली आणि लाभ ठरला 'कुटुंबाला' : पती, पत्नी आणि अज्ञान मुलं. वाक्य वाचायला सोपं आहे. पण बँकेच्या टेबलात कुटुंब नसतं, खातं असतं. कुटुंब नव्याने जुळवायचं, तर प्रत्येकाकडून ऑनलाइन अर्ज आणि आधार क्रमांक घेणं आलं. म्हणून केंद्रांबाहेर रांगा लागल्या. डिसेंबर 2019 च्या कर्जमुक्ती योजनेत लाभ कुटुंबाऐवजी वैयक्तिक शेतकऱ्याला ठरला. अर्जच गेला, बँकांनी याद्या दिल्या आणि शेतकऱ्याने आधार प्रमाणीकरण करायचं, एवढंच उरलं. 'ओळ कुणाची?' या एका प्रश्नाचं उत्तर बदललं आणि जिल्हाभराची पायपीट बदलली.

सॉफ्टवेअरच्या जगात यावर एक जुना विचार आहे : नियम प्रोग्रामच्या पोटात पुरू नका, ते वेगळे साठवा. 2003 च्या 'बिझनेस रूल्स मॅनिफेस्टो'ने हेच मांडलं. नियम हे स्वतंत्र भांडार असावं, आणि ज्यांचा तो नियम आहे त्यांना ते वाचता यावं. अशा भांडारात प्रत्येक नियमाची एक ओळ असते : नियम काय, अट काय, कधीपासून, कधीपर्यंत, कुठल्या निर्णयावरून. नियम बदलला तर जुनी ओळ पुसायची नाही. तिची शेवटची तारीख भरायची आणि नवी ओळ जोडायची. मग पाच वर्षांनीही सांगता येतं, की अमक्या दिवशी अमक्या माणसाला कुठल्या नियमाने परत पाठवलं.

यात जादू काही नाही. दोन हेक्टरचा नियम भांडारात ठेवला म्हणून न्याय्य होत नाही. मक्त्याने शेती करणाऱ्याच्या नावावर सातबारा नाही, म्हणून बँकेचं पीककर्ज त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि पुढच्या कुठल्याच कर्जमाफीच्या टेबलात त्याची ओळ तयार होत नाही. त्याच्यासाठी आधी नियम बदलावा लागेल. पण नियम उघड्यावर असेल, तर निदान भांडण कुणाशी करायचं ते कळतं. तो कोडमध्ये दडला, की खिडकीपलीकडचा कर्मचारी एवढंच म्हणतो, 'सिस्टीम घेत नाहीये.' सिस्टीम स्वतःहून काहीच नाकारत नाही. कुणीतरी वाक्य लिहिलेलं असतं आणि माझ्यासारख्या कुणीतरी त्याचा रकाना केलेला असतो.

म्हणून आता लाभार्थ्यांचं कुठलंही टेबल तयार करताना मी दोन रकाने आग्रहाने मागतो : 'नाकारण्याचं कारण' आणि 'कुठल्या नियमाने'. दोन्ही रिकामे सोडता येणार नाहीत, अशी अट घालून. साहेबराव करप्यांच्या घराला याचा काही उपयोग नाही. पण चिलगव्हाणातून आज कुणी अर्ज घेऊन निघाला आणि रिकाम्या हाताने परतला, तर का परतला, एवढं तरी कागदावर राहील.