गंधक, उल्हास खोऱ्याच्या हवेतील

गंधक, उल्हास खोऱ्याच्या हवेतील : ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या एकमेकांना लागून वाढलेल्या शहरांच्या हवेत, पाण्यात व पावसात आढळणारी गंधकाची संयुगे, त्यांचे उगम आणि ढगांशी असलेला त्यांचा संबंध. या खोऱ्यात गंधक दोनदा हवेत सुटला. पहिल्यांदा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्यातून आणि दुसऱ्यांदा विसाव्या शतकात, कारखान्यांतून.

अंबरनाथचे शिवमंदिर (शके ९८२, इ. स. १०६०) ज्या काळ्या पाषाणात बांधले आहे, मलंगगडाचा सुळका ज्याचा आहे आणि आसपासच्या खदानींत जी खडी फुटते, ते सारे दख्खनच्या ज्वालामुखी उद्रेकांतून आले. या लाव्ह्याने आजही सुमारे ५ लाख चौ. किमी. प्रदेश व्यापलेला आहे. सह्याद्रीत त्याच्या थरांची जाडी दोन किमी.च्या घरात जाते. बेसाल्टी लाव्हा भूपृष्ठावर येताना त्यात विरघळलेला गंधक सल्फर डायऑक्साइडच्या रूपाने सुटतो. एक घन किमी. लाव्ह्यामागे हा वायू काही दशलक्ष टन निघत असावा, असा अंदाज आहे. डायनोसॉर संपले ते अशनीपातामुळे की दख्खनच्या वायूंमुळे, हा वाद अजून मिटलेला नाही. अशनीची बाजू सध्या वरचढ असली, तरी दख्खनच्या उद्रेकांनी त्याच सुमारास हवामानाला धक्के दिले, हे बहुतेकांना मान्य आहे. मंदिराच्या दगडातला गंधक मात्र बव्हंशी तेव्हाच उडून गेला.

गंधकाचा परिणाम किती टिकतो, हे तो किती उंचीवर पोहोचला यावर ठरते. जमिनीलगतच्या थरात, म्हणजे तपांबरात, सल्फर डायऑक्साइड एक-दोन दिवस टिकतो. त्यापासून बनलेले सल्फेटचे सूक्ष्म कण आठवडाभरात पावसाबरोबर खाली येतात. स्फोटक ज्वालामुखीने हाच वायू त्यावरच्या थरात, म्हणजे स्थितांबरात, फेकला, तर तेथे त्याला धुऊन काढणारा पाऊस नसतो. मग सल्फेटचे कण वर्ष-दोन वर्षे तरंगत राहून सूर्यप्रकाश परतवतात. फिलिपाइन्समधील पिनाटुबोने १५ जून १९९१ रोजी दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर धाडला आणि पुढच्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. आइसलँडच्या लाकी येथील भेगांतून १७८३-८४ मध्ये सुमारे १२ कोटी टन वायू निघाला. १७८३ च्या कमकुवत मोसमी पावसाशी आणि उत्तर हिंदुस्थानातील ‘चालिसा’ दुष्काळाशी त्याचा संबंध जोडला जातो. परंतु सगळा दोष लाकीच्या माथी मारणे धाडसाचे ठरेल. अलीकडचे उदाहरण इथिओपियातील हायली गुब्बीचे. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी झालेल्या उद्रेकाची राख व सल्फर डायऑक्साइड अरबी समुद्र ओलांडून दुसऱ्या दिवशी गुजरात-राजस्थानवरून दिल्लीकडे सरकले आणि भारतीय कंपन्यांना काही विमाने रद्द करावी लागली. तो लोट विमाने उडतात त्या उंचीवरून गेला. खाली श्वास घेणाऱ्यांना तो फारसा जाणवला नाही.

खोऱ्यातील मानवी गंधकाचा इतिहास अंबरनाथपासून सुरू होतो. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने येथे गंधकाम्ल व सुपरफॉस्फेटचे उत्पादन सुरू केले. त्यानंतर थोड्याच वर्षांत वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे ‘विमको’चा, आगकाड्यांचा कारखाना आला, काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेटबरोबर गंधक असतोच. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात सिंधी निर्वासित वसले, १९४९ मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले, आणि पुढे मोरिवली, आनंदनगर, माणकिवली, खरवई या औद्योगिक पट्ट्यांत रंग, औषधे व मध्यस्थ रसायने बनवणारे छोटे-मोठे कारखाने दाटले. यांतल्या बहुतेकांना गंधकाम्ल लागते.

व्हिस्कोस रेयॉनची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि वातावरणाच्या दृष्टीने या खोऱ्याची सर्वांत लक्षणीय. शहाडला सेंच्युरी रेयॉन आणि नदीपलीकडे मोहन्याला नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन (एनआरसी, २००९ पासून बंद) असे दोन मोठे कारखाने येथे उभे राहिले. या प्रक्रियेत लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवून त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया करतात. तयार होणारे मधासारखे दाट द्रावण बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडले, की धागा घट्ट होतो. त्याच वेळी कार्बन डायसल्फाइड आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतात. त्यांतला काही भाग परत मिळवता येतो, उरलेला धुराड्यावाटे जातो. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्याचा वास येतो, चांदी-तांब्याची भांडी त्याने काळवंडतात. आणि प्रमाण वाढले की नाक मरते, म्हणजे वास थांबणे हे धोका टळल्याचे लक्षण नव्हे. कार्बन डायसल्फाइड ४६ अंशांना उकळतो, हवेपेक्षा अडीच पटींहून जड असतो आणि तापलेल्या पाइपाच्या नुसत्या स्पर्शानेही पेटू शकतो. २३ सप्टेंबर २०२३ रोजी शहाडच्या कारखान्यात या रसायनाच्या टँकरचा स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले.

हवेत गेलेल्या कार्बन डायसल्फाइडचे काही दिवसांत विघटन होते. त्याच्या रेणूत गंधकाचे दोन अणू असतात: एकाचा सल्फर डायऑक्साइड बनतो, दुसऱ्याचा कार्बोनिल सल्फाइड. पहिला जवळपासच सल्फेट होऊन खाली येतो. दुसरा पाण्यात फारसा विरघळत नाही, वर्षानुवर्षे टिकतो आणि त्यातला थोडा अंश हळूहळू स्थितांबरात चढतो. तेथे अतिनील किरणांनी फुटून त्याचे सल्फेट होते. मोठे उद्रेक नसलेल्या काळातही स्थितांबरात सल्फेटचा एक विरळ थर कायम असतो. क्रिस्टियान युंगे यांनी तो शोधला आणि कार्बोनिल सल्फाइड हा त्याचा एक स्रोत असल्याचे पॉल क्रुत्झेन यांनी १९७६ मध्ये सुचवले. जगभरचा रेयॉन उद्योग हा या वायूच्या मानवी स्रोतांपैकी एक प्रमुख मानला जातो. पिनाटुबोला जेथे पोहोचायला प्रचंड स्फोट लागला, तेथे शहाडच्या धुराड्यातला गंधकही पोहोचतो, फक्त अत्यल्प आणि सावकाश.

ढगाच्या थेंबाला बसायला कण लागतो. अशा कणांना संद्रवण केंद्रके म्हणतात. सल्फेट पाणी ओढणारे असल्याने हे काम उत्तम करते. केंद्रके वाढली की तेवढेच पाणी अधिक थेंबांत वाटले जाते. थेंब लहान होतात आणि ढग अधिक पांढरा दिसतो, म्हणजेच अधिक प्रकाश परतवतो. हा परिणाम शॉन ट्वोमी यांनी १९७० च्या दशकात मांडला. लहान थेंब एकमेकांत मिसळून पावसाचा थेंब व्हायलाही वेळ लागतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने महाबळेश्वरला उंचावरील मेघभौतिकी प्रयोगशाळा उभारली ती अशाच प्रश्नांसाठी. तेथे पावसाळ्यात ढग थेट प्रयोगशाळेवर उतरतात.

कारखान्यांमुळे आमचा पाऊस कमी झाला, असे खोऱ्यात अधूनमधून ऐकू येते. तीन शहरांच्या धुराने कोकणचा पाऊस अडत नाही. जून ते सप्टेंबर समुद्रावरून येणारा ओलावा त्यापुढे अफाट असतो आणि तोच वारा इथला धूर मुरबाड-माळशेजकडे उडवून नेतो. संपूर्ण दक्षिण आशियाचे गंधक एकत्र धरले, तर मात्र गोष्ट बदलते. वायुकलिलांच्या, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या, आच्छादनाने जमीन कमी तापते, समुद्राशी असलेला तापमानभेद घटतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस क्षीण होण्यामागे हे एक मुख्य कारण मानले जाते. यातला मोठा वाटा कोळशावरील वीजकेंद्रांचा आहे. त्यांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये घालून दिली गेली. जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना वायू धुण्याच्या यंत्रणेतून सूट मिळाली. तुर्भे व डहाणू येथे समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याची सोय आधीपासून आहे. वाहनांच्या इंधनातील गंधक एप्रिल २०२० पासून दशलक्ष भागांत दहावर आला.

आम्लवर्षेची भीती येथे अपेक्षेइतकी खरी ठरली नाही. भारतीय हवेत चुनखडीयुक्त मातीची धूळ भरपूर असते आणि ती आम्ल बरेचसे मारते. पावसाळा मुरल्यावर धूळ बसते, तेव्हा हे संरक्षण कमी होते.

गंधकाचा त्रास लोकांना होतो तो बहुधा नदीच्या वाटेने. वालधुनी नदीत येणाऱ्या सांडपाण्यात सल्फेट असते. पाण्यातला प्राणवायू संपला की जीवाणू सल्फेटवर जगू लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर टाकतात. नाल्यात सल्फाइड असलेले रसायन आणि आम्ल एकत्र आले, तर तोच वायू क्षणात सुटतो. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस वडोलगाव परिसरात टँकरमधले रसायन वालधुनीत ओतले गेले आणि शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०१५ मध्ये पालिका, औद्योगिक महामंडळ व सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापूरच्या एका रासायनिक कारखान्यातील गळतीनेही परिसरातील लोकांचे डोळे चुरचुरले, श्वास कोंडला.

‘कंपनीने गॅस सोडला’ ही या शहरांतली नेहमीची तक्रार बहुतेकदा रात्रीची असते. हिवाळ्यात सूर्यास्तानंतर जमीन झपाट्याने निवते, थंड हवा खोऱ्याच्या तळाशी बसते आणि वरची उबदार हवा झाकणासारखी राहते. दिवसा विरून जाणारा वास मग सकाळपर्यंत रेंगाळतो. देशाच्या हवा-गुणवत्ता मानकांत (२००९) सल्फर डायऑक्साइड आहे, चोवीस तासांची मर्यादा ८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. हायड्रोजन सल्फाइड व कार्बन डायसल्फाइड त्या बारा प्रदूषकांत नाहीत. त्यामुळे रोजच्या निर्देशांकात हवा ‘समाधानकारक’ दाखवली जात असताना शहाड फाटकापाशी नाकाला रुमाल लावलेली माणसे दिसतात.